रिंगा बसेपर्यंत

६ जानेवारी

मुली,

मायना काय लिहावा यातच सगळी सकाळ गेली. 'सौ.' लिहावं तर ते आता खरं नाही. नुसतं 'चिरंजीव' लिहावं तर तू इंजिनांच्या प्रयोगशाळेतली मोठी अधिकारी. म्हणून 'मुली' लिहिलं. पटत नसेल तर खोडून वाच.

फोन का केला नाही असं तुला वाटेल. फोन वाजला की माणसाला तो उचलावा लागतो, नाहीतर न उचलल्याची रुखरुख लागते. पत्राचं तसं नाही. फोडायचं की नाही, फोडलं तर उत्तर द्यायचं की नाही, सगळं तुझ्या हातात. तुमच्या घटस्फोटाला वर्ष होत आलं, एवढी मोकळीक तुला द्यायलाच हवी.

कारण गाडीचं आहे. तुम्ही दोघांनी घेतलेली ती राखाडी डिझेल गाडी. मागच्या सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही. आमचे चिरंजीव नोव्हेंबरात बदलीच्या गावी जाताना ती माझ्या दारात ठेवून गेले. म्हणाले, "आई, तुला चालवता येते, तू वापर." मला चालवायला कोणी शिकवलं ते सोयीने विसरले.

तर ही गाडी तेल पिते. डिझेल नव्हे, इंजिन ऑइल. पंधरा-वीस दिवस झाले की समोर झारीचं पिवळं चित्र लागतं. मी डबा आणते, ओतते, चित्र विझतं. पुन्हा पंधरा-वीस दिवसांनी झारी हजर. खाली गळत असेल म्हणून गाडीखाली जुना पांढरा पडदा अंथरून पाहिला. आठवड्याने काढला तर धुतल्यासारखा कोरा. मग जातं कुठे?

सर्व्हिस सेंटरला फोन केला. तिथला टायवाला मुलगा फार गोड बोलतो. म्हणाला, "मावशी, हजार किलोमीटरला लिटरभर तेल लागणं कंपनीच्या नियमात बसतं." मी म्हटलं, "नियमात बसत असेल, माझ्या डोक्यात बसत नाही." तो हसला आणि दुसरा फोन आला म्हणून गेला. समोरच्या वकिलांची वेगळीच तक्रार. निळा धूर येतो आणि वाळत घातलेल्या शर्टांना वास लागतो म्हणे. चिरंजिवांचं म्हणणं, एप्रिलअखेर वॉरंटी संपते, त्याआधी विकून मोकळं होऊ, कटकट नको.

मला विकायची नाही. का ते विचारू नकोस.

बाकी बरं आहे. पडद्यांचं काम भरपूर आहे. डोंगरावरच्या एका शाळेने रंगमंचासाठी मोठा मखमली पडदा सांगितलाय, तो उचलायला चार माणसं लागतील. टाचणी दिवसभर त्याच्याखाली गाडलेली असते. तू ठेवलेलं नाव आमच्या थोरल्या शिलाईवालीला इतकं चिकटलंय की आता तिचा नवराही तिला टाचणी म्हणतो.

गाडीचं काय ते कळव. वेळ नसला तर राहू दे.

तुझी
(इथेही तीच पंचाईत)


१९ जानेवारी

ती. आईंना नमस्कार.

पत्र मिळालं. नव्या डिझेल इंजिनाने एवढं तेल खाणं बरोबर नाही, टायवाला काही म्हणो. पण पुढचं कळल्याशिवाय मला काही सांगता येणार नाही. तुम्ही तेल मोजता तेव्हा गाडी सपाट जागी असते का, आणि इंजिन बंद करून थोडा वेळ गेलेला असतो का? तेल मोजायच्या पट्टीवरच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त तेल ओतलं जातं का? जास्तीचं तेलही जळतं, आणि इंजिनाला ते बाधतं. धूर गाडी सुरू करताना येतो की चालवताना? नोव्हेंबरपासून एकूण किती तेल ओतलं आणि त्या काळात गाडी किती किलोमीटर धावली? रोज कुठे जाता, किती वेळ चालवता?

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिते, म्हणजे दोघींनाही सोपं जाईल. गाडीचं निमित्त करून काही सांधायचा विचार असेल तर कृपया करू नका. जे मोडलं ते आम्ही दोघांनी समजून-उमजून मोडलं आहे. मी आता बरी आहे. मागे बघायची माझी तयारी नाही.

तब्येतीची काळजी घ्या.


२७ जानेवारी

तुझ्या प्रश्नांची उत्तरं.

गाडी गॅरेजमध्ये असते. जमीन दाराकडे उतरती आहे, म्हणजे मोजण्यात फरक पडत असेल. वरच्या खुणेपेक्षा जास्त कधी ओतलेलं नाही, चमच्याने ओतावं तसं ओतते.

नोव्हेंबरपासून तीन लिटर तेल गेलं. गाडी धावली चाळीसेक किलोमीटर.

धूर रोज सकाळी येतो. मी गाडी रोज सकाळी सुरू करते, बॅटरी उतरू नये म्हणून. तासभर आत बसून चालू ठेवते. पूर्वी गॅरेजचं दार अर्धं उघडं ठेवायचे. वकिलांच्या शर्टांची कुरकुर सुरू झाल्यापासून पूर्ण ओढून घेते, म्हणजे धूर त्यांच्याकडे जात नाही. परवा त्यांनी विचारलंच, "तुमची गाडी रोज सकाळी एकाच जागी जाते तरी कुठे?" विनोदी माणूस आहे.

तब्येत ठीक. हल्ली सकाळी डोकं जड असतं आणि मळमळतं, पण या वयात काहीतरी असायचंच.

तू शेवटी लिहिलंस ते वाचलं. मला इंजिनाबद्दलच विचारायचं होतं. निदान मी तसं समजत होते.


२ फेब्रुवारी

अहो आई,

काल फोनवर ओरडले त्याची माफी मागायला बसले होते. पण नाही मागणार. पुन्हा तसं केलंत तर पुन्हा ओरडेन.

तुमचं पत्र प्रयोगशाळेच्या पत्त्यावर आलं. मी टेस्ट रूममध्ये उभी राहूनच ते वाचत होते. चाळीस किलोमीटरला तीन लिटर तेल हे गणितच जुळेना. मग 'तासभर' वाचलं. मग दार ओढून घेता ते वाचलं. डोकं जड होतं इथपर्यंत आले आणि हातातलं सगळं टाकून बाहेर पळाले. तुम्ही "हॅलो, कोण?" म्हणालात, मी "आधी दार उघडा!" म्हणून किंचाळले, तर तुम्ही शांतपणे विचारलंत, "का गं, कोणी आलंय का?" आमच्या फोरमनना वाटलं कुठे आग लागली.

डॉक्टरांकडे जाऊन आलात हे टाचणीने फोनवर सांगितलं. तिच्याकडून सांगून घेतल्याशिवाय माझा विश्वास बसला नसता. परत एकदा लिहिते. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही. अर्ध्या दारानेही नाही. त्या धुरात वास न येणारा विषारी वायू असतो, तो माणसाला झोप यावी तसा घेऊन जातो.

फोनवर एक प्रश्न मी आडून आडून विचारला, इथे सरळ विचारते. आई, तुम्ही मुद्दाम तर बसत नव्हता ना? रागावू नका. पण खरं उत्तर द्या.

आता इंजिनाचं. नव्या इंजिनात पिस्टनभोवतीच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला घासून घासून बसाव्या लागतात. त्या नीट बसल्या की तेल खालच्या खाली राहतं. पण त्यासाठी इंजिनावर भार यायला हवा. चढ, ओझं, लांबचा रस्ता. नुसतं उभ्या उभ्या घुरघुरत ठेवलं की भिंती काचेसारख्या गुळगुळीत होतात, रिंगा बसत नाहीत आणि तेल वर चढून जळतं. तुमच्या गाडीला आजार नाही, तिला कोणी काम दिलेलं नाही. निदान माझा तसा अंदाज आहे. खात्री देत नाही.

म्हणून असं करा. सर्व्हिस सेंटरला जा आणि तेलाची चाचणी करून मागा, लेखी. ते मोजून तेल भरतात, पट्टीला आणि तेल काढायच्या खालच्या नटला सील लावतात आणि हजार किलोमीटर चालवून आणायला सांगतात. मग पुन्हा मोजतात. तेव्हाही तेल गेलं असेल तर रिंगा वॉरंटीत बदलून द्यायला त्यांना नाही म्हणता येणार नाही.

उत्तर लवकर लिहा. त्या प्रश्नाचं आधी.


९ फेब्रुवारी

मुली,

त्या प्रश्नाचं आधी. नाही. अगदी मनापासून नाही. मरायचंच असतं तर शाळेचा पडदा अर्धवट टाकून मेले असते का? टाचणीने मला वर येऊन गाठलं असतं. तू विचारलंस म्हणून राग आला नाही, उलट रात्री शांत झोप लागली. वर्षभराने तुझा आवाज ऐकला आणि तोही ओरडतानाचा, तर त्याचंही काही वाटलं नाही. घरात कोणीतरी ओरडायला हवं असतं.

मग मी तिथे का बसत होते? सांगते, पण चिरंजिवांना कळवू नकोस. ते गाडी ठेवून गेले त्यानंतरच्या आठवड्यात मी एकटीने ती बाहेर काढली होती. मोठ्या चौकात सिग्नल हिरवा झाला आणि गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. मागून सगळे भोंगे वाजवायला लागले. एक जण खिडकीशी येऊन म्हणाला, "आजीबाई, घरी नातवंडं सांभाळा की." मला क्लचच दाबता येईना. शेवटी एका पोलिसाने गाडी बाजूला घेऊन दिली. त्यानंतर मी फाटकाबाहेर पडलेच नाही.

पण गाडीत बसायची सवय होती. तू मला रविवारी सकाळी शिकवायचीस. तू बाजूला बसून सफरचंद खायचीस आणि तोंड भरलेलं असतानाच म्हणायचीस, "आई, गिअर हळू, तो काही पळून जात नाही." घरात इतकं सामसूम असतं की मिक्सर लावला तरी बरं वाटतं. गाडी सुरू केली की वाटायचं, आता कुठेतरी निघालेय. तेवढं तासभर पुरायचं.

झालं, सांगून टाकलं.

परवा सर्व्हिस सेंटरला जाऊन आले. मीच चालवत नेली. टाचणी शेजारी बसली, दोन्ही हातांनी सीट धरून, तोंडात टाचणी नसताना ओठ गच्च मिटून. मोठा चौक टाळला, गल्लीबोळातून गेले. टायवाला म्हणाला, "मावशी, चाचणीची काही गरज नाही." मी म्हटलं, "तसं लिहून दे." तो आत गेला तो फोरमनला घेऊनच आला. फोरमन पोक्त माणूस. त्याने गाडी सुरू करून मागचा धूर पाहिला, अत्तर हुंगावं तसा हुंगला आणि मला विचारलं, "बाई, ही उभीच असते ना?" मी हो म्हटलं. त्याने मान हलवली, तेल बदललं, मोजलं, सील लावलं आणि म्हणाला, "हजार किलोमीटर. आणि तिला जरा दमवून आणा."

आता सांग, मी हजार किलोमीटर जाऊ कुठे? माझं दुकान माझ्या बाहेरच्या खोलीत. बाजार कोपऱ्यावर. या वेगाने सील लागलेल्या अवस्थेतच ती गाडी चिरंजिवांच्या नातवाला मिळेल.


१५ फेब्रुवारी

अहो आई,

कुठे जाऊ काय विचारता? डोंगरावरच्या शाळेचा पडदा पोचवायचाय ना? टेम्पो कशाला सांगता? मागची सीट पाडा, ते प्लॅस्टिक एकदाचं फाडून टाका, पडदा आत कोंबा आणि टाचणीला बसवा. ओझं झालं, घाट झाला, लांबचा रस्ता झाला. इंजिनाला याहून चांगलं औषध मी लिहून देऊ शकत नाही.

घाटात चौथ्या गिअरचा हट्ट धरायचा नाही. इंजिन कण्हायला लागलं की तिसरा, तरी कण्हलं तर दुसरा. हाफ क्लचवर तरंगत राहू नका. चढावर थांबावं लागलंच तर हँडब्रेक ओढा, थोडं ॲक्सिलरेटर द्या, क्लच सोडत न्या, गाडीचं नाक जरा उचललं गेल्यासारखं वाटलं की हँडब्रेक सोडा. मागच्यांनी भोंगे वाजवले तर वाजवू द्या. भोंगा वाजवायला लायसन्स पुरतं, अक्कल लागत नाही. परतताना उतारावर गिअरमध्येच उतरा, न्यूट्रल करू नका.

सुरुवातीला धूर जास्त येईल. घाबरू नका. फक्त ती झारी लाल दिसली तर तिथल्या तिथे थांबा आणि मला फोन करा. फोन करायचा, पत्र नाही!

मलाही तुम्हाला एक सांगायचंय. पण तुम्ही घाट उतरून आलात की सांगेन.


५ मार्च

मुली,

घाट चढले. उतरले. घरी आले. जेवले, दहा तास झोपले आणि लिहायला बसतेय ती आज, दहा-बारा दिवसांनी.

निघालो पहाटे, रस्ता मोकळा असताना. पडदा मागे कोंबला तर गाडीचं बूड बसलं. टाचणी म्हणाली, "ही वर चढेल का?" मी म्हटलं, "न चढली तर तू ढकलशील." 

सपाटीवर सगळं छान. घाट सुरू झाला तसा आरशात मागचा रस्ता निळसर दिसायला लागला. एक ट्रकवाला बाजूने जाताना ओरडून गेला, "ताई, गाडी पेटलीय!" टाचणी म्हणाली, परत फिरू. मी म्हटलं, "बाईने सांगितलंय, घाबरायचं नाही." तिने विचारलं, कुठली बाई? मी म्हटलं, "आपली इंजिनवाली." मग तिने परत फिरायचं नाव सोडलं, कारण तुझ्यावर तिचा माझ्याहून जास्त विश्वास.

आणि अर्ध्या वाटेवर जे व्हायचं तेच झालं. वळणावर समोरून लांबलचक ट्रेलर आला. मला थांबावं लागलं आणि गाडी बंद पडली. चढावर. मागे बस, बसच्या मागे सगळी रांग. भोंगे सुरू. डाव्या हाताला कठडा आणि कठड्यापलीकडे नुसतं आभाळ.  अगदी त्या चौकात झालं तसंच.

टाचणी एवढंच म्हणाली, "तुमची शिवण उसवली की तुम्ही काय करता?"

म्हटलं, "काय करणार? दोरा काढते, पुन्हा ओवते."

"मग ओवा की."

हँडब्रेक ओढला. सुरू केली. ॲक्सिलरेटर दिला, क्लच सोडत नेला, अगदी हळू. नाक उचललं गेल्यासारखं वाटलं. खरंच वाटतं गं तसं, मला वाटलं होतं तू उगाच म्हणतेस. हँडब्रेक सोडला आणि गाडी पुढे गेली. मागे घसरली नाही, एक बोटभरसुद्धा नाही. वळण संपल्यावर बस ओलांडून पुढे गेली, तेव्हा ड्रायव्हरने हात वर केला. शिवी होती की शाबासकी ते कळलं नाही. मी शाबासकी धरली.

वर पोचलो. पडदा टांगायला दुपार गेली. मुख्याध्यापिकांनी दोर मलाच ओढायला लावला. एवढी मोठी मखमल सळसळ करत उघडली आणि समोरच्या रिकाम्या खुर्च्या दिसल्या, तर उगाच मला वाटलं आता माझं काहीतरी सुरू होणार.

परत येताना आरशात पाहिलं. धूर कमी होता. की माझे डोळे सरावले होते, देव जाणे.

तेव्हापासून मी सुटलेच आहे. कापड आणायला गिरणीच्या गावी जाते, तयार पडदे मीच पोचवते. वकिलांना दोनदा कोर्टात सोडलं, तेव्हापासून त्यांच्या शर्टांना वास येत नाही. मोठ्या चौकातून आता रोज जाते. हजार व्हायला थोडेच उरलेत.

आता तुझं सांग. मी आणि टाचणीने विचार करून करून शोधून काढलंय. तुला परदेशी नोकरी लागलीय. खरं ना? जा बाई. तिकडच्या गाड्याही तेल खातच असतील.


१४ मार्च

आई,

परदेशी नाही चालले. लग्न करतेय.

दोन दिवस पुढचं वाक्य सुचत नव्हतं. तो शाळेत भूगोल शिकवतो. प्रयोगशाळा बघायला मुलांना घेऊन आला होता, तेव्हा ओळख झाली. शांत आहे. मी चिडले तरी तो चिडत नाही, त्याची अजून सवय व्हायचीय.

जानेवारीत तुमचं पहिलं पत्र आलं, त्याच आठवड्यात आमचं ठरलं होतं. पाकिटावरचं अक्षर ओळखलं. वाटलं, आई मला परत बोलावणार आणि मी नाही म्हणू शकणार नाही. तुमच्या मुलाला नाही म्हणणं त्यामानाने सोपं होतं. म्हणून तसं कोरडं लिहिलं. मागे बघायची तयारी नाही म्हणून लिहिलं, आणि मग फोन झाल्यावर तुमचं ते 'निदान मी तसं समजत होते' वाचून टेस्ट रूमच्या पायरीवर बसून रडले.

निघताना तुम्हाला भेटलेही नव्हते. तुम्ही दार उघडलं असतंत तर माझ्याने तुमच्या घरातून जाववलं नसतं, एवढंच कारण होतं.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी नोंदणी कार्यालयात लग्न आहे. माझ्या बाजूने साक्षीदार हवेत. एक माझा मामा. दुसरं कोण, असं आमच्या भूगोलवाल्याने विचारलं, तर माझ्या तोंडून तुमचं नाव गेलं. माझी आई म्हणाली, "अगं, शोभतं का? आधीच्या सासूला कोणी साक्षीला बोलावतं का?" मी म्हटलं, मला ठाऊक नाही. तो म्हणाला, "त्यांनाच विचार ना. नाही म्हणायचा हक्क त्यांचा आहे."

म्हणून विचारते. नाही म्हणालात तर मला समजेल, वाईट वाटणार नाही. यातलं दुसरं खोटं आहे. वाईट वाटेल, पण समजेल.


१२ एप्रिल

मुली,

उत्तराला जवळजवळ महिना लावला. तू काय काय समजून बसली असशील. तीन पत्रं लिहिली आणि फाडली. पहिल्यात नुसते आशीर्वाद होते, ते वाचून मलाच वाटलं की एखाद्या पुढाऱ्याने पाठवलेत. दुसऱ्यात मी रडत होते. तिसऱ्यात येते म्हणून लिहिलं आणि पेटीत टाकायला निघाले, पण फाटकाशी थांबले. एका माणसाला आधी सांगायला हवं होतं. तेही समोर बसवून.

चिरंजिवांना बोलावलं. तेही लगेच आले नाहीत, कामं असतात. मागच्या शनिवारी आले. स्टेशनवर आणायला मी गाडी घेऊन गेले. ते टॅक्सी शोधत होते, मी काच खाली करून म्हटलं, "बसा." तोंड बघण्यासारखं झालं होतं. मोठ्या चौकातून नेलं त्यांना, मुद्दाम. थोडा वेळ कुठे धरावं ते कळेना, मग टाचणीसारखीच सीट धरली.

घरी नेलं नाही, सरळ नदीच्या रस्त्याने बाहेर काढलं आणि गाडी चालवता चालवताच सांगितलं. एकमेकांकडे बघावं लागत नाही ना, त्यामुळे सोपं जातं. दोन पूल ओलांडले. मग त्याने विचारलं, "आई, ती आनंदात आहे का?"

मी म्हटलं, "पत्रांवरून तरी वाटतं."

"तुमची पत्रं चालू आहेत?"

"चालू आहेत."

 मला वाटलं आता तो रागावेल, आणि रागावला असता तर त्याचंही काही चुकलं नसतं. तुम्हा दोघांत काय बिनसलं ते मी तेव्हा विचारलं नव्हतं, आताही विचारलं नाही. तो खिडकीबाहेर बघत होता. म्हणाला, "मला वाटायचं तू एकटी असतेस. फोन करायचा म्हटलं की जीवावर यायचं, काय बोलणार म्हणून." मी म्हटलं, "मी एकटी होतेच. आता जरा कमी आहे." मग त्याने डोळे पुसले की चष्मा, ते मी पाहिलं नाही. मला समोर बघायचं होतं. शेवटी म्हणाला, "जा तू लग्नाला. तिला म्हणावं, मी मनापासून अभिनंदन केलंय. म्हणशील ना? आणि गाडी विकायचं राहू दे."

सोमवारी मुक्काम वाढवून माझ्याबरोबर सर्व्हिस सेंटरला आला. फोरमनने सील तपासलं, तोडलं, तेल काढून मोजलं. पुन्हा मोजलं. मग टायवाल्याला म्हणाला, "बघ, पाव लिटरसुद्धा गेलं नाही." अजून थोडं जातंय, पुढच्या हजारात आणखी कमी होईल असं त्याचं म्हणणं. तरी वॉरंटी संपायच्या आत सगळं लेखी करून घेतलंय, तू सांगितलंस तसं. टायवाला म्हणाला, "मावशी, मी म्हटलंच होतं नियमात बसेल." काही माणसांच्या रिंगा बसायला वेळ लागतो.

तर मी येतेय. आदल्या दिवशी निघेन, वाटेत टाचणीच्या भावाकडे मुक्काम करेन, सकाळी वेळेवर पोचेन. सही चांगली यावी म्हणून सराव करतेय. तुझ्या आईला सांग, मी कोणाच्या जागेवर बसायला येत नाही. पुढच्या खुर्च्या तुमच्या घरच्यांसाठी ठेवा. पण मला फार मागेही बसवू नकोस. तू सही करताना तुझा चेहरा मला नीट दिसायला हवा.

तुझी आई